हरकतदार कोण आणि त्यांची हरकत कशाची?

एखाद्या सुधारणेला विरोध करणारे सारे लोक एकाच कारणाने विरोध करीत असतात, असा समज सुधारणावाद्यांमध्ये पूर्वापार चालत आलेला आहे, आणि त्या समजाची किंमत बहुधा सुधारणेलाच मोजावी लागली आहे. धर्मनिष्ठेने विरोध करणारा, हक्क बुडेल म्हणून विरोध करणारा, लोकलज्जेपोटी विरोध करणारा आणि पोटच्या मुलाच्या चिंतेने व्याकूळ होऊन विरोध करणारा, असे चौघे एकाच बाजूला उभे दिसले तरी त्यांची अंतःकरणे निरनिराळी असतात. आणि जो त्या चौघांना एकच उत्तर देतो, त्याचे उत्तर चौघांपैकी एकालाही पटत नाही. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना परस्परांशी कायदेशीर विवाह करण्याची मुभा असावी की नसावी, या वादात ही विभागणी आधी केली पाहिजे. ती करण्यास कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फार सोयीचे आहेत. १९४९ साली जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले; परंतु सोयरीक, भावकी, शेतजमीन आणि कुळाचार यांबाबत या दोन्ही जिल्ह्यांचे मन आजही एकच आहे. विवाहसंस्थेत फेरबदल सुचविणारी माणसे या भूमीने वारंवार दिली, आणि त्या फेरबदलांशी निकराने झुंजणारी माणसेही याच भूमीत निपजली.

प्रथम अलीकडच्या घटनांचा क्रम पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर यांच्या खटल्यात भारतीय दंडविधानाच्या ३७७व्या कलमातून प्रौढांचे संमतीपूर्वक समलिंगी संबंध वगळले. त्यानंतर अनेक जोडप्यांनी १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आपल्या विवाहाची नोंद व्हावी अशी मागणी केली, आणि २०२३च्या एप्रिल-मे महिन्यांत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे तिची प्रदीर्घ सुनावणी झाली. या सुनावणीत हरकत घेण्यास कोण कोण उभे राहिले, ही यादी बोधप्रद आहे. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्राद्वारे विरोध नोंदविला. जमियत उलेमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती, ज्यांचे एरवी क्वचितच एकमत होते, त्या येथे एकाच बाजूस होत्या. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या हिताचा हवाला देऊन विरोध केला, तर दिल्लीच्या बाल हक्क आयोगाने त्याच मुलांच्या हिताचा हवाला देऊन पाठिंबा दिला. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम या राज्यांनी प्रतिकूल मत कळविले. महाराष्ट्राने विचारासाठी मुदत मागितली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक या कल्पनेच्या विरोधात असल्याचे प्रतिपादन केले. परंतु त्याच वर्षी प्यू या अमेरिकी संशोधनसंस्थेने भारतात केलेल्या पाहणीत ५३ टक्के लोक अशा विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास अनुकूल आणि ४३ टक्के प्रतिकूल आढळले. म्हणजे विरोध मोठा आहे, पण तो सर्व समाजाचा एकमुखी आवाज नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेने दिलेला नाही, याबाबत पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी अशा सहजीवनाला विवाहाहून वेगळी कायदेशीर मान्यता असावी असे मत दिले, पण ते अल्पमतात राहिले. प्रश्न संसदेकडे गेला. त्याआधी १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात या दृष्टीने दुरुस्ती सुचविणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. परंतु अशी विधेयके बहुधा चर्चेपर्यंतही पोहोचत नाहीत.

या हरकतदारांच्या म्हणण्याकडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत अशा व्यक्ती समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे असे सांगताना महाभारतातील जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला. आणि मार्च महिन्यात संघाचेच सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातच होऊ शकतो असे स्पष्ट केले. न्यायालयाची वाटचालही अशीच झाली: २०१८ साली अस्तित्वाला अभय मिळाले, २०२३ साली विवाहाला नकार मिळाला. यावरून जे दिसते ते या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. आपल्याकडील विरोध माणसाच्या असण्याला जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक तो त्याच्या नोंदीला, म्हणजे वारसाच्या, कुटुंबाच्या आणि सरकारी दफ्तरातील स्थानाला आहे.

सांगली जिल्ह्यातील माणसाला हे पटवून देण्यासाठी दूर जावे लागत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भक्तिसंप्रदाय मिरज आणि जतच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. खुद्द जतला मार्गशीर्षात यल्लम्माची मोठी यात्रा भरते. या संप्रदायात पुरुष म्हणून जन्मलेला जोगता लुगडे नेसतो, कपाळाला भंडारा लावतो, डोक्यावर देवीचा जग घेऊन आणि हाती परडी धरून दारोदार जोगवा मागतो, आणि घरची मालकीण उंबऱ्यावर येऊन त्याच्या परडीत पीठ-मीठ घालते व त्याच्या पाया पडते. देवाला मुले-मुली वाहण्याच्या या चालीत शोषण होते, दारिद्र्य होते आणि अज्ञानही होते, म्हणून महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु ज्या गावाने चौंडक्याच्या नादावर नाचणाऱ्या जोगत्याला अंगणात मान दिला, त्या गावाला स्त्री-पुरुषांच्या ठरीव साच्याबाहेरचे माणूस अपरिचित होते, असे म्हणता येणार नाही. त्याला जागा होती; मात्र ती देवळाच्या आवारात होती, लग्नाच्या मांडवात नव्हती आणि सातबाराच्या उताऱ्यावर तर नव्हतीच. देवीशी ज्याची गाठ बांधली गेली, त्याच्यामुळे भावकीतील कोणाच्या वाट्याला धक्का लागत नव्हता, म्हणून त्याच्याविषयी कोणाची तक्रारही नव्हती.

कृष्णाकाठी लग्न हा दोन घराण्यांमधील व्यवहार आहे. देवक जुळले पाहिजे, कूळ तोलामोलाचे असले पाहिजे, मानपानात उणे पडता कामा नये, आणि या साऱ्याच्या शेवटी जमिनीला वारस मिळाला पाहिजे. बागायत उसाच्या या टापूत जमिनीचा तुकडा हे प्रतिष्ठेचे आणि पत मिळविण्याचे एकमेव विश्वसनीय साधन आहे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल आजही थांबलेली नाही. जेथे पोटच्या मुलीचा वाटा जड वाटतो, तेथे मुलाने आयुष्याचा जोडीदार म्हणून घरी आणलेल्या दुसऱ्या पुरुषाचे नाव फेरफारात चढेल ही कल्पना भावकीला कशी सोसेल? आज अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याची मिळकत आईकडे, ती नसल्यास वडिलांकडे आणि पुढे भावंडांकडे जाते. पंचवीस वर्षे त्याच्याबरोबर संसार केलेल्या सोबत्याचा कायद्याच्या लेखी त्या मिळकतीशी काहीही संबंध पोहोचत नाही. विवाहाची नोंद झाली तर हा क्रम बदलतो. धर्म आणि संस्कृती यांच्या नावाने बोलणाऱ्या कित्येक चुलत्यांच्या मनात हा हिशेब असतो, मग तो त्यांनी स्वतःशी कबूल केलेला असो वा नसो.

वंशाची ही आस किती कठोर होऊ शकते, याचा पुरावा याच दोन जिल्ह्यांनी दिला आहे. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आईबापांनी मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून त्यांना ते नाव ठेवले होते. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूणांचे अवशेष पुरलेले सापडले. ज्या वंशनिष्ठेने मुलींना नकोसे ठरविले, तीच वंशनिष्ठा ज्या मुलाकडून नातू होणार नाही त्यालाही नकोसा ठरविते. समलिंगी विवाहाने वंश बुडतो असे म्हणणारा आणि मुलीने वंश चालत नाही असे म्हणणारा, हे बहुतेक वेळा एकाच घरात राहतात.

याचा अर्थ धर्मनिष्ठेचा विरोध केवळ बहाणा असतो असा नव्हे. विवाह हा संस्कार आहे, त्याचे विधी ऋषिप्रणीत आहेत, असे अंतःकरणपूर्वक मानणारा हिंदू. निकाहाची व्याख्या ईश्वरी आज्ञेने ठरली आहे असे मानणारा मुसलमान. विवाह हे प्रभूने नेमलेले पवित्र बंधन आहे असे मानणारा ख्रिस्ती. यांच्या निष्ठेत खोट शोधणे अन्यायाचे होईल. त्यांना विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. विशेष विवाह कायद्याखालील विवाहात होम नसतो, निकाहनामा नसतो आणि प्रार्थनाही नसते. निबंधकाच्या कचेरीत तीस दिवसांची नोटीस लागते, त्या मुदतीत हरकती मागविल्या जातात, तीन साक्षीदार सह्या करतात आणि दाखला मिळतो. मग या दफ्तरात कोणाचे नाव लागावे, हे ठरविण्याचा अधिकार देवळाला, मशिदीला किंवा चर्चला कोणत्या न्यायाने पोहोचतो?

सरकारचा विरोध याहून निराळ्या पायावर उभा आहे. केंद्राने पती, पत्नी आणि अपत्ये हीच भारतीय कुटुंबाची कल्पना असल्याचे सांगितले, ही मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची असल्याचे म्हटले, आणि विवाहाच्या व्याख्येत बदल केल्यास सुमारे १६० कायदेशीर तरतुदींवर परिणाम होईल म्हणून हा निर्णय न्यायालयाऐवजी कायदेमंडळाने घ्यावा असा आग्रह धरला. यांपैकी शेवटचा मुद्दा गंभीर आहे; दत्तक, पोटगी, घटस्फोट यांसंबंधीचे कायदे स्त्री-पुरुष जोडपे गृहीत धरून लिहिलेले आहेत, आणि त्यांची फेररचना हे कष्टाचे काम आहे. परंतु मागणी केवळ शहरी आहे, हे म्हणणे सांगलीपुरते तरी टिकणार नाही. येथे १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेचे काम चालू आहे, आणि तिच्या आधाराने पुरुष आणि तृतीयपंथी वेश्याव्यवसायी व्यक्तींची ‘मुस्कान’ ही संघटना उभी राहिली. या संघटनेतील माणसांना शहरी उच्चभ्रू म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. गावात राहणाऱ्याला मागणी नसते असे नाही. ती उच्चारण्याइतकी सुरक्षितता त्याला नसते.

हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, हा आक्षेप मात्र सर्वांत अधिक ऐकू येतो. या आक्षेपाला महाराष्ट्राच्याच इतिहासाने उत्तर दिले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात मराठी वाचक हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी प्रश्न पाठवीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाचे नाव दाखल झाले होते, तोच हा बॅरिस्टर. खटल्यात कर्व्यांना दंड झाला. परंतु नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसे हे प्रश्न मराठीत विचारीत होती, ही गोष्ट त्या खटल्याने कायमची दफ्तरी दाखल केली. उलट ज्या ३७७व्या कलमाने अशा संबंधांना गुन्हा ठरविले, ते १८६० साली इंग्रजांनी आपल्याबरोबर आणले होते.

परकीयतेचा हा आक्षेप विवाहाच्या प्रत्येक सुधारणेवर घेतला गेला आहे. सातारा परिसरातून पुढे आलेल्या विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला आणि १८६९ साली मुंबईत असा विवाह घडवून आणला, तेव्हा त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार पडला. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याची बाजू घेतली, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. या जुन्या वादांतही नोंदीचा आणि मिळकतीचा प्रश्न धर्माच्या आड उभा होता. १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाची परवानगी दिली खरी, पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून पुरोहितावाचून विवाह लावण्यास आरंभ केला. आणि १८८४ साली पुणे जिल्ह्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी तसा विवाह लावला, तेव्हा ग्रामजोशांनी फिर्याद केली ती आपल्या वतनी दक्षिणेचा हक्क बुडाल्याबद्दल. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे जोशांचा दावा टिकला नाही. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या काळात याच टापूत हुंडा, मानपान आणि कर्ज यांना फाटा देणारी ‘गांधी लग्ने’ लागली. आज वाळवा आणि पलूस तालुक्यांत त्या लग्नांचा उल्लेख अभिमानाने होतो.

आता ज्या विरोधाकडे अधिक करुणेने पाहिले पाहिजे, त्याकडे वळू. तो आईबापांचा विरोध होय. “चार लोकांत तोंड कसं दाखवायचं,” “धाकटीचं लग्न कसं जमायचं,” “म्हातारपणी याला कोण बघणार,” ही वाक्ये ज्या माउलीच्या तोंडून निघतात, तिला न धर्मशास्त्राचा वाद घालायचा असतो, न मिळकतीचा हिशेब. आपले मूल एकटे पडेल ही तिची भीती असते, आणि त्या भीतीवर तिला ठाऊक असलेला उपाय एकच असतो: “लग्न लावून द्या, म्हणजे सुधारेल.” या उपायाने आजवर जेवढे अनर्थ घडविले, तेवढे दुसऱ्या कशानेही घडविले नसतील. पुरुषाकडे ओढा असलेल्या मुलाचे लग्न एका अजाण मुलीशी लावले जाते; वर्ष-दोन वर्षांत मूल का होत नाही याचा जाब त्या मुलीला विचारला जातो; दोष तिच्या पत्रिकेत, तिच्या पायगुणात आणि तिच्या गर्भाशयात शोधला जातो; आणि खरे कारण जाणणारा नवरा भयाने गप्प राहतो. स्त्रीकडे ओढा असलेल्या मुलीची दशा तर याहून दारुण होते, कारण तिला गप्प राहण्याचेही स्वातंत्र्य नसते. समलिंगी विवाहाला विरोध करताना आपण कुटुंबाचे रक्षण करीत आहोत असे ज्यांना वाटते, त्यांनी या खोट्या विवाहांतून उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचा विचार करावा. मुलाला त्याच्या मनाजोगत्या जोडीदाराशी विवाह नाकारला, म्हणून तो विवाहावाचून राहत नाही. बहुधा त्याचा विवाह दुसऱ्या एका निरपराध जिवाशी लावला जातो.

या भीतीवर युक्तिवादाचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली असे प्रतिपादन केले की, ज्या समूहाविषयी पूर्वग्रह असतो त्याच्याशी समान पातळीवर आणि समान कामात प्रत्यक्ष संबंध आला म्हणजे पूर्वग्रह ओसरतो. आणि पुढील संशोधनाने हे बऱ्याच अंशी खरे ठरविले. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातून जे काम केले, त्याचा अनुभवही याच जातीचा आहे. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आंतरजातीय विवाह करणाऱ्या तरुणांना नुसती व्याख्याने दिली नाहीत. त्यांना आधार दिला, त्यांच्या घरच्यांशी पुनःपुन्हा बोलणी केली, जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध मोहीम उघडली, आणि अखेर २०१६ साली राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. बापाचा विरोध मावळायला वेळ लागतो, पण पंचायतीचा दंडुका कायद्याने रोखता येतो, हा त्या कामाचा धडा आहे.

विरोधकांची आणखी एक पंगत आहे, आणि तिचा उल्लेख न केल्यास चित्र अपुरे राहील. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील काही विचारवंत आणि स्वतः समलिंगी असलेले काही कार्यकर्ते असे म्हणतात की, जी संस्था स्त्रीच्या दास्यावर आणि जातीच्या शुद्धतेवर उभी राहिली, तिच्या दारी प्रवेशाची याचना कशासाठी करावी? त्याऐवजी मित्र, सोबती, सांभाळणारी माणसे, अशा निवडलेल्या कुटुंबालाच कायद्याने ओळखावे. ज्या व्यक्तीला घरातून हाकलले गेले आहे आणि जिच्याजवळ शिधापत्रिकाही नाही, तिला विवाहाचा दाखला ही पहिली गरज वाटत नाही, हेही खरे आहे. या विरोधाची प्रेरणा उदात्त आहे. तथापि ज्याला विवाह नको त्याला तो टाळता यावा आणि ज्याला हवा त्याला तो करता यावा, ही दोन्ही स्वातंत्र्ये एकत्र नांदू शकतात.

२०२३च्या निकालानंतर केंद्र सरकारने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०२४ साली काही सूचना निघाल्या. अशा जोडप्यांना एका शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि परस्परांचे नाव वारसनिर्देशनात लावण्यास अडकाठी नाही, जवळचे नातलग नसतील तेव्हा मृत जोडीदाराचे शव ताब्यात मिळावे, असे खुलासे झाले. याच सुमारास जगात अन्यत्र गाडी पुढे गेली: २९ नोव्हेंबर २०२३ रोजी नेपाळमध्ये अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली आणि २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये तसा कायदा अंमलात आला. आपल्याकडे शिधापत्रिका मिळाली, वारसाहक्क नाही. खाते मिळाले, मिळकत नाही. वर सांगितलेला विरोध नेमका कोठे घट्ट आहे, हे या यादीवरूनही कळते.

तेव्हा हरकतदारांना उत्तरेही निरनिराळी द्यावी लागतील. धर्मपीठांना अशी हमी दिली पाहिजे की, त्यांच्या विधीने कोणाचा विवाह लावावा हे तीच ठरवतील. त्याबदल्यात सरकारी निबंधकाच्या दफ्तरावर त्यांनी हक्क सांगू नये. कायदेपंडितांच्या अडचणींना उत्तर म्हणून दत्तक, पोटगी, घटस्फोट यांसंबंधीचे कायदे कलमवार दुरुस्त करण्याचे काम संसदेने हाती घेतले पाहिजे. काम कष्टाचे आहे हे ते न करण्याचे कारण होऊ शकत नाही. आईबापांना वेळ, सोबत आणि सुखाने नांदणाऱ्या अशा जोडप्यांची ओळख हवी, आणि ती देण्याचे काम शेजाऱ्यांचे, शिक्षकांचे व डॉक्टरांचे आहे. परंतु दुसऱ्याच्या मुलाच्या जोडीदाराचे नाव वारस म्हणून लागले तर आपला वाटा कमी होईल, किंवा गावात आपल्या कुळाची मान खाली जाईल, एवढ्याच कारणासाठी जो हरकत घेतो, त्याची हरकत ओतूरच्या जोशांच्या दाव्यासारखीच निकालात काढण्याजोगी आहे. कारण दोन सज्ञान माणसांच्या संसारात त्याचा कोणताही कायदेशीर हितसंबंध गुंतलेला नाही.